अँकर व्हायचंय? आधी नाशिकची बातमीदारी, की थेट मुंबईचा स्टुडिओ?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गोदाकाठ
सरळ मांडतो. नाशिक जिल्ह्यातल्या ज्या मुला-मुलींना मराठी वृत्तवाहिनीवर अँकर व्हायचंय, त्यांनी दोन-तीन वर्षं इथंच बातमीदारी करावी. पदविका हातात पडली की लगेच मुंबईत खोली घेऊन स्क्रीन टेस्ट देत फिरू नये.

चोवीस तासांच्या वाहिनीवर प्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोर सरकणारा मजकूर) वाचणं हे निम्मंसुद्धा काम नाही. हेडलाइन्स वाचून होतात, पॅकेजचा अँकर-रीड (तयार चित्रित बातमीआधीचं निवेदन) वाचून होतो. ब्रेकिंग आली की प्रॉम्प्टर कोरा. समोर दोन ओळी आणि कानात पीसीआरमधून (स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून) आवाज, 'ताणून धर, फोनो लागतोय', म्हणजे बातमीदाराचा फोन जोडतोय. त्या चार-पाच मिनिटांत अँकर काय बोलतो त्यावर त्याची किंमत ठरते.

गोदावरीच्या पुराचंच घ्या. गंगापूर धरणाचा विसर्ग वेगळा, नाशिक शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणारं पाणी वेगळं (मधल्या पाणलोटाचं आणि नाल्यांचं पाणी त्यात मिळतं), आणि खालच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे सोडलेलं पाणी आणखी वेगळं. हे तीन आकडे एकाच तासात डेस्कवर येतात. ज्याने नदी पाहिलेली नाही तो नांदूरमध्यमेश्वरचा मोठा आकडा गंगापूरच्या नावावर खपवतो आणि पंचवटीत फोनाफोनी सुरू होते. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला आहे, छातीला आहे की डोक्यावरून चाललंय, यावरून नाशिककर पूर मोजतो. अँकरने बातमीदाराला विचारायचा पहिला प्रश्न तो. 'तिथं नेमकं काय वातावरण आहे?' हा नव्हे.

टॉकबॅक
पूर काही रोज येत नाही, बुलेटिन रोज असतं.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील, भक्ती बर्वे बातम्या वाचायच्या. त्यांना कुणी आधी तालुक्याला पाठवलं होतं का? पुढे प्रदीप भिडे घराघरांत ओळखले गेले ते आवाजावर आणि स्वच्छ उच्चारावर. वाचन ही स्वतंत्र कला आहे, ती कोवळ्या वयातच बसवावी लागते.

स्थानिक बातमीदारीत उलट सवयी लागतात. 'या ठिकाणी', 'कुठेतरी', 'जे काही आहे ते', 'पाहायला मिळतंय'. दोन वर्षं हे जिभेवर बसलं की स्टुडिओत गेल्यावरही सुटत नाही. रस्त्यावर हातातला माइक, मागे हॉर्न, म्हणून माणूस वरच्या पट्टीत बोलायला शिकतो. स्टुडिओत लॅपल माइक हनुवटीपासून वीतभर खाली असतो. तिथं तीच पट्टी कर्कश वाटते, 'प' आणि 'भ' वर श्वासाचे फटके बसतात.

नव्या मुलांनी हे करावं. रोज अर्धा तास कालच्या पेपरातली बातमी मोठ्याने वाचा, मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास. श्वास जिथं घ्यायचा तिथं तिरकी रेघ मारा. आकडे अक्षरी लिहून घ्या, '११,५००' दिसलं की जीभ अडखळते, 'साडेअकरा हजार' लिहिलं की नाही. प्रॉम्प्टरवर एका ओळीत चार-पाचच शब्द घ्या, नाहीतर डोळे डावी-उजवीकडे पळताना दिसतात. कॅमेरा दीड मीटरच्या आत आला तरी तेच होतं. आणि प्रॉम्प्टर सरकवणाऱ्या ऑपरेटरच्या मागे धावू नका. तुम्ही थांबलात की तो थांबतो. पुष्कळ जणांना हे माहीतच नसतं, मग अख्खं बुलेटिन धापा टाकत जातं.

कसमादे
उच्चारांवर दोन शब्द माझेही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडच्या मुलांना 'तुझ्यात अहिराणी येते' असं सांगून घाबरवतात. हेल जातो हो, सहा महिन्यांत जातो. ण आणि न यांतला फरक ऐकू येईपर्यंत वाचायचं, ध्वनिमुद्रण करायचं, पुन्हा ऐकायचं, एवढंच.

खरी अडचण शहरातल्या मुलांची आहे. चार आणि चाक, जीव आणि जग, झेप आणि झाड, दोन्हीकडे अक्षर एकच पण उच्चार दोन. हिंदी ऐकून वाढलेली मुलं 'जग' हिंदीसारखं म्हणतात. प्रॉम्प्टर यात मदत करत नाही. कागदावर अशा अक्षराखाली टिंब द्या आणि सराव करा.

रनडाऊन
तुम्ही कुणीच पैशांचं बोलत नाही आहात.

'इथं बातमीदारी करा' म्हणणं सोपं. जिल्ह्यात वाहिनीचा पगारी प्रतिनिधी एखादा, बाकी स्ट्रिंगर. स्ट्रिंगरला लागलेल्या बातमीमागे पैसे. कॅमेरा त्याचा, पेट्रोल त्याचं. इगतपुरीच्या घाटात जाऊन व्हिजुअल आणली आणि बातमी लागलीच नाही, तर खर्च अंगावर. दिवाळी आली, नेत्याचा वाढदिवस आला की जाहिरात आणायची ती वेगळीच. ज्याच्याकडून दुपारी जाहिरात घ्यायची त्याला संध्याकाळी प्रश्न कसा विचारणार? ही शाळा चांगली अँकर घडवेल, हे गोदाकाठ यांनी समजावून सांगावं. घरी शेती किंवा दुकान असलेल्यालाच ही दोन-तीन वर्षं परवडतात.

स्थानिक केबलचं म्हणाल तर केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१३ साली, नाशिक आलं आणि जुनी व्यवस्था बदलली. आता बरंच काम यूट्यूब-फेसबुकवर चालतं. एकच माणूस शूट करतो, एडिट करतो, बोलतो.

मुंबईतही सुख नाही म्हणा. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता. २०२० च्या श्रमसंहितेने व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यम घेतलं, पण हातात बहुधा मुदतीचा करारच पडतो. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: नोटीस किती दिवसांची, सोडल्यावर दुसऱ्या वाहिनीत जायला किती महिने बंदी, आणि स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवता येतं का. तिसरी अट हल्ली सगळ्यात जास्त भांडणं लावते.

गोदाकाठ
रनडाऊन, जाहिरातीचा मुद्दा मान्य. म्हणून स्ट्रिंगर होऊन नव्हे, वर्तमानपत्राच्या नाशिक आवृत्तीत पगारावर करा. शब्द कमी, तपशील पक्का, ही सवय तिथं लागते.

टॉकबॅक, दूरदर्शनचा दाखला इथं लागू नाही. संध्याकाळचं ठरलेलं बुलेटिन, संपादित मजकूर आधी हातात. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा) आले आणि कामाचं स्वरूपच पालटलं.

कांदा घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. ही तीन वेगळी हत्यारं. बंदीत माल जाऊच शकत नाही, शुल्कात जातो पण महाग पडतो, किमान मूल्यात त्या दराखाली जात नाही. बंदी उठल्याच्या दिवशी ज्या अँकरला हा फरक ठाऊक नाही तो लासलगावच्या शेतकऱ्याला 'आता तुम्ही खूश असाल ना' विचारतो. पुढे शेतकरी जे बोलतो ते म्यूट करावं लागतं. शिवाय बाजार समितीचा भाव क्विंटलला असतो, किमान, कमाल आणि सरासरी असा. कमाल भाव एखाद-दुसऱ्या ट्रॉलीलाच मिळतो आणि स्क्रीनवर तोच मोठ्या अक्षरात झळकतो.

आणि नुसतं वाचणारं माणूस आधी जाणार. डीडी किसानने मे २०२४ मध्ये क्रिश आणि भूमी हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे निवेदक आणले. ते अडखळत नाहीत, मेकअपला वेळ घेत नाहीत, पहाटेच्या शिफ्टला गाडी मागत नाहीत.

टॉकबॅक
क्रिश-भूमी बाजूला ठेवा, त्यांना कुणी टीव्ही लावून बसत नाही.

कांद्याचं ज्ञान मुंबईच्या डेस्कवरही मिळतं. आउटपुट डेस्कवर वर्षभर बसा, रोज दहा-बारा जिल्ह्यांच्या बातम्या लिहा, अ‍ॅस्टन (स्क्रीनवरच्या नाव-मथळ्याच्या पट्ट्या) आणि टिकर (खाली सरकणारी ओळ) टाका, रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम) लावा. नाशिकचा कांदा, सांगलीची हळद, गडचिरोलीचा रस्ता, सगळं हाताखालून जातं. शिवाय पहाटेच्या बुलेटिनला अँकर आला नाही तर बसवायला समोर कोण असतं? डेस्कवरचा. नाशिकहून फोन करणारा नव्हे. पहिली संधी अशीच मिळते.

पीसीआर
दोघांचं ऐकलं, माझं मत डेस्कच्या बाजूचं. एक गोष्ट मात्र डेस्कवर शिकता येत नाही, लाइव्हमधला विलंब.

ऑक्टोबर २०२६ अखेरीस सिंहस्थाचं ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्नानपर्वं. पंचवटीतल्या रामकुंडावर गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क कोंडतं. पाठीवरचं लाइव्ह युनिट चार-सहा सिमकार्डं जोडून चालतं, पण सगळी सिमं त्याच टॉवरवर लटकलेली असतील तर चित्र गोठतं, मग आवाज तुटतो. ओबी व्हॅन (बाहेरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी) उपग्रहावर असल्याने यातून सुटते, पण तिथंही उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त जातं. सिमवाल्या युनिटला दोन सेकंद सहज. नवा अँकर तेवढ्यात घाबरून प्रश्न पुन्हा विचारतो, तिकडून पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघालेलं असतं, आणि दोघं एकमेकांवर बोलत राहतात. बातमीदाराच्या कानात त्याचाच आवाज उशिरा परत जात असेल तर तो बोबडा होतो. तो दोष पीसीआरचा. त्याला स्वतःचा आवाज वगळलेली फीड द्यायला हवी.

अँकरने करायचं एवढंच: एका वेळी एक प्रश्न, पंधरा शब्दांच्या आत, शेवटी बातमीदाराचं नाव, मग तोंड बंद. आणि वैष्णव आखाडे रामकुंडात, संन्यासी आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात स्नान करतात, एवढं पाठ करून बसा. संन्यासी आखाड्यांतल्या नागा साधूंच्या मिरवणुकीबद्दल पंचवटीतल्या बातमीदाराला विचाराल तर तो बिचारा काय दाखवणार?

गोदाकाठ
हे शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं झालं, पीसीआर.

टॉकबॅक
छे. पाठ करा म्हणाले ते, राहायला या नाही म्हणाले.