जुनी येझ्दी, ई-२० पेट्रोल आणि तोंडावर आलेला पावसाळा: सल्ला हवा आहे

धागाकर्ता, कोल्हापूर

नमस्कार. वडिलांनी घेतलेली १९७८ची येझ्दी २५० मोटारसायकल अजून चालू स्थितीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्यापर्यंत जाऊन येते. गेल्या वर्षभरात मात्र पेट्रोलचा रबरी पाइप फुगून मऊ पडला, टाकीखालच्या कॉकमधून (पेट्रोल चालू-बंद करणारी तोटी) पाझर सुरू झाला आणि कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठणारी वाटी) उघडल्यावर तळाशी पांढरट भुकटी सापडली. चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते, असेही जाणवते. आमच्याकडचे फिटर याचे खापर ई-२० पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवर, म्हणजे उसापासून बनणाऱ्या अल्कोहोलवर, फोडतात. (उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलविरुद्ध बोलणे जड जाते, हे मान्य.) पावसाळ्यात गाडी उभीच असते. नेमके काय बदलावे आणि बाजारात मिळणारे 'इथेनॉल प्रोटेक्शन'चे द्रव घ्यावेत का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टूस्ट्रोकवाला, पुणे

आपण सांगितलेली लक्षणे इथेनॉलशी जुळणारी आहेत, परंतु त्या सर्वांचे कारण एक नाही. पाइप, कॉकचा वायसर आणि फ्लोटच्या सुईचे रबरी टोक हे त्या काळच्या शुद्ध पेट्रोलसाठी बनलेले भाग असून इथेनॉलमध्ये ते फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. ते सर्व व्हिटॉनचे (इथेनॉलला टिकणारे कृत्रिम रबर) घ्यावेत. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दिसायला छान असली तरी घेऊ नये, कारण ती काही महिन्यांत ताठ होते. पांढरी भुकटी म्हणजे इथेनॉलने ओढलेल्या ओलाव्यामुळे कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूला लागलेला गंज. टाकीत जुना गंज असेल तर इथेनॉल तो सोडवून जेटपर्यंत (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) आणते, म्हणून टाकी स्वच्छ करून पाइपमध्ये फिल्टर बसवावा. टाकीला पूर्वी आतून लेप दिलेला असल्यास तोही तपासावा, कारण जुने लेप इथेनॉलमध्ये पापुद्रे धरून सुटतात.

तापण्याचे कारण वेगळे आहे. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग प्राणवायूचाच असतो, त्यामुळे पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला ९ पट पुरते. नवी फ्युएल इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या आधारे इंधन वाढवून घेते. आपल्या कार्बोरेटरचा जेट मात्र १९७८च्या हिशेबाने तेवढेच पेट्रोल सोडत राहतो आणि मिश्रण 'लीन' होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. येझ्दीसारख्या टू स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमधून जाणारे पेट्रोलच आतले भाग थंड ठेवत असल्याने हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. कार्बोरेटरच्या जेटमधील सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त सुटते; तेवढ्याने भागले नाही तर मुख्य जेट थोडा मोठा करावा. चढ चढून आल्यावर प्लग काढून पाहावा. बदामी रंग असेल तर ठीक, पांढरा असेल तर अजून पेट्रोल कमी पडते आहे.

गॅरेजचा माणूस, सांगली

वरील सर्व बरोबर आहे, पण येझ्दीवाल्याने सर्वांत जास्त भ्यावे ते उभ्या गाडीला. इथेनॉल पाणी शोषते. ई-१० साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत आणि ई-२० त्याहून थोडे जास्त पाणी सामावून घेते. टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी उतरले किंवा रात्री गारठा वाढला की ही मर्यादा ओलांडली जाते आणि पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. बुलेटचे ऑइल इंजिनात वेगळे असते, म्हणून बुलेटवाल्याची गाडी अशा वेळी फक्त सुरू होत नाही. येझ्दीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, आणि ते राहते वरच्या थरात. कॉक तळातून ओढतो, म्हणजे इंजिनात ऑइलविना पाणीमिश्रित इथेनॉल जाते. पिस्टन जाम झाल्यावर लोक ऑइलच्या कंपनीला दोष देतात.

म्हणून जूनच्या आधी टाकी रिकामी करावी, त्यात थोडे टू-टी (टू स्ट्रोकचे) ऑइल ओतून टाकी सगळीकडून फिरवावी, फ्लोट चेंबर कोरडा करावा आणि प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून किक हाताने दोन-चारदा फिरवावी, कारण ओलाव्याने क्रँकच्या बेअरिंगलाही गंज चढतो. द्रवांबाबत माझे मत स्पष्ट आहे: गंजरोधक थोडाफार उपयोगी पडतो, पण पाण्याचा थर एकदा बसला की कोणतीही बाटली तो परत मिसळू शकत नाही. ते पैसे व्हिटॉनच्या पाइपवर खर्च करावेत.

धागाकर्ता

टाकीतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, हे घरी तपासता येते का? महाग प्रीमियम पेट्रोल भरल्याने प्रश्न सुटेल का?

टूस्ट्रोकवाला, पुणे

'प्रीमियम' म्हणजे इथेनॉलमुक्त असे गृहीत धरू नये. ऑक्टेन (इंजिनात ठोका येऊ न देण्याची पेट्रोलची क्षमता) वेगळा आणि इथेनॉलचे प्रमाण वेगळे. पंपावर विचारावे आणि स्वतः तपासावे. काचेच्या मापनळीत १०० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. खालचा थर १० वरून ३०च्या जवळ गेला, तर ते ई-२० आहे. हे काम उघड्यावर, आगीपासून दूर करावे. याच रीतीने पाणी घालून इथेनॉल 'धुऊन' काढण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण त्यात ऑक्टेन उतरतो आणि पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो. तपासलेले पेट्रोल टाकीत परत ओतायचे नाही.