मूडल: ठीक ११ला साइट बसते, १२० मुलांची चाचणी कशी घ्यायची?

टीवायरसायन
मूडल (ऑनलाइन वर्ग-चाचण्यांचं सॉफ्टवेअर) कॉलेजच्याच सर्व्हरवर आहे, रॅम ४ जीबी. २० गुणांची अंतर्गत चाचणी, १२० मुलं, ११ ते ११.३०. अडचणी तीन. ठीक ११ला साइट बसते. काही पेपर दुसऱ्या दिवशीही ‘इन प्रोग्रेस’ दिसतात. आणि जुन्या प्रश्नसंचातले मराठी प्रश्न आयात केले की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. आधी कारण दाखवा, मग रॅमचं बघू, असं प्राचार्यांचं म्हणणं.

सर्व्हरखोली
बरोबर म्हणताहेत. पीएचपी-एफपीएममध्ये (सर्व्हरवर मूडलची पानं तयार करणारा प्रोग्रॅम) ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा, किती आहे बघा. मूळ फाइलमध्ये ५ असतं, म्हणजे एका वेळी पाचच विनंत्या हाताळल्या जातात. बाकीची मुलं रांगेत, आणि रांगेत गप्प कोण बसतंय? रिफ्रेश दाबून रांग वाढवतात. मर्यादा गाठली की लॉगमध्ये तशी ओळ पडते, तीच प्राचार्यांना दाखवा.
हिशोब: डेटाबेस आणि सिस्टिमसाठी दीड जीबी सोडा, उरले अडीच. एका प्रोसेसला ८० एमबी धरलं तर साधारण ३०. २५ ठेवा. उत्साहात १०० टाकलंत तर रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी संथ डिस्कचा वापर) सुरू होईल आणि सगळंच गोगलगाय.
अडकलेले पेपर हा क्रॉनचा (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय) घोळ. टॅब उघडा असेल तर वेळ संपताच पान स्वतःच पेपर जमा करतं. टॅब बंद झाला किंवा नेट गेलं तर ते काम क्रॉनचं. तो दर मिनिटाला चालला पाहिजे.

पेपरसेटर
वेळापत्रकही बदला. ११.३०ला क्विझ बंद म्हणजे सगळे पेपर एकाच क्षणी जमा, पुन्हा तीच गर्दी. वेळमर्यादा ३० मिनिटंच ठेवा, पण क्विझ ११.५०ला बंद करा. ६०-६०चे दोन गट पाडून दुसऱ्याला ११.१०ची सुरुवात द्या. लॉगिन मात्र सगळ्यांनी पावणेअकरालाच करून ठेवायचं.
मराठीचा काला म्हणजे प्रश्न श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असणार. आधी युनिकोडमध्ये बदला, मग गिफ्ट फाइल (मूडलमध्ये प्रश्न आयात करायची साधी मजकूर-फाइल) यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. रसायनवाल्यांसाठी खास: गिफ्टमध्ये = म्हणजे बरोबर उत्तराची खूण. पर्यायात ‘पीएच = ७’ असेल तर = च्या आधी \ द्या, नाहीतर प्रश्न मोडतो. आणि ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय असेल तर शफल (पर्यायांचा क्रम उलटसुलट करणं) बंद करा, तो पहिल्या क्रमांकावर आला की ‘वरील’ काहीच उरत नाही.

टीवायरसायन
मॅक्स चिल्ड्रन ५च निघाले! क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) तर रिकामाच, सर्व्हर बदलताना ती ओळ राहून गेलेली दिसते. अडकलेल्या पेपरांचं काय? आणि दुसऱ्या गटाची वेळ कुठे टाकायची?

सर्व्हरखोली
क्विझला ‘आपोआप जमा करा’ हा पर्याय असेल तर क्रॉन सुरू होताच पेपर जमा होतील, ऑटोसेव्ह झालेल्या उत्तरांसकट. ऑटोसेव्ह साधारण मिनिटाला होतो, त्यामुळे गेलं तर शेवटचं एखादं उत्तर.

पेपरसेटर
आधी पार्टिसिपंट्समध्ये गट करा, मग क्विझमध्ये ओव्हरराइड्स, ग्रुप ओव्हरराइड (एखाद्या गटाला वेगळी वेळ द्यायची सोय). गट केलेले नसतील तर तिथे काहीच निवडता येत नाही.