घरचा मसाला, घरचंच खातं: पैसे वेगळे कसे करायचे?

मसालेवाली, फुलेवाडी
माझा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वर्षाची भरून ठेवते, लागेल तशी डंकावर कुटून आणते. क्यूआर कोड माझ्या बचत खात्याचा आहे. त्याच खात्यातून पोरीची फी, भिशी, किराणा, सासूबाईंची औषधं. जूनमध्ये खात्यात पैसे दिसतात, फी भरून होते, आणि मिरचीचा हंगाम आला की भावाकडं हात पसरावा लागतो. पाहुणा आला की अर्धा किलो मसाला बांधून जातोच, तो कुठंच लिहिलेला नसतो. मिस्टर म्हणतात, घरचाच धंदा, त्यात वेगळं काय करायचं? पण मला यातून नेमकं काय सुटतं, हे मला कळायला पाहिजे. सुरुवात कुठून करू?

लेथवाला, उद्यमनगर
ताई, पहिलं काम खात्याचं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एक रुपया लागत नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ते प्रमाणपत्र आणि खाद्यपदार्थाचा परवाना घेऊन बँकेत जा, चालू खातं उघडा. व्याज मिळणार नाही आणि किमान शिल्लक किती ठेवायची ते आधी विचारून घ्या. क्यूआर त्याच दिवशी बदला. जुना कोड डब्यावर राहिला तर पैसे पुन्हा घरच्या खात्यातच जाणार.

मग स्वतःला पगार लावा. आमच्या शॉपमध्ये पाच तारखेला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात जाते, मधे गल्ल्याला हात नाही. शिरोलीच्या फौंड्रीकडनं मोठ्या बिलाचे पैसे आले तरी नाही. ते पैसे टूलचे, लाइटबिलाचे, कामगारांचे असतात.

तुमचं खरं दुखणं मिरचीचं आहे. समजा किलो मसाला 600 ला जातो आणि त्यात मिरची, खोबरं, तीळ, धणे, लसूण, तेल, डंकाची कुटाई धरून 400 गेले. तर ते 400 तुमचे नव्हेतच, ते पुढच्या फेब्रुवारीचे. दर आठवड्याला विकलेले किलो मोजा आणि तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत टाका. उरलेल्या 200 मधनं पाकीट, रिक्षा, गॅस वजा करा. राहील ती तुमची कमाई, आणि पगार त्यातनंच.

करसल्लागार, राजारामपुरी
वरचं सगळं बरोबर, फक्त एक सांगतो. एकल मालकीत, म्हणजे एकट्याच्या नावावरच्या धंद्यात, मालकाचा पगार खर्च म्हणून धरत नाहीत. वहीत ती ‘उचल’ लिहायची, म्हणजे मालकानं धंद्यातून घरी नेलेलं; कर पूर्ण नफ्यावर लागतो. पाहुण्यांचा मसालाही उचलच, बनवायला आलेल्या खर्चाच्या भावानं लिहा. महिन्याला किती जातो ते सासूबाईंनाही दिसू दे.

वर्षाची विक्री 2 कोटींच्या आत असेल तर अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: रोख विक्रीवर 8 टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्यावर 6 टक्के नफा धरून विवरण भरता येतं. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. पूर्ण हिशेब दाखवणार असाल, तर व्यापाऱ्याला एका दिवसात 10,000 च्या वर रोख देऊ नका, तो खर्च मान्य होत नाही. मिरचीचे पैसे बँकेतूनच द्या. आणि मसाला घरगुती सिलिंडरवर भाजत असाल तर ते आधी थांबवा. धंद्याला व्यावसायिक सिलिंडरच लागतो, त्याची पावती खर्चातही धरता येते.

मसालेवाली, फुलेवाडी
दोघांचेही आभार. पगाराचं मिस्टरांनाही पटलं. पण पावसाळ्यात विक्री मंदावते, मग पगार किती धरू? आणि भावाचे पैसे अजून द्यायचे आहेत.

लेथवाला, उद्यमनगर
सगळ्यात मंद महिन्यात जेवढं सुटतं तेवढाच धरा. दिवाळीनंतर हिशेब करून वरचे थोडे घ्या. भावाचे पैसे मिरचीसाठी घेतलेत ना, मग ते धंद्याच्या खात्यातनंच फेडा, ट्रान्सफर करा आणि वहीत त्याच्या नावाचं पान उघडा. पोरीची फी मात्र पगारातनंच. जूनच्या आधी चार महिने थोडी थोडी बाजूला काढली तर जड जाणार नाही.