तातडीने मदत हवी: सहिष्णुतेवर मनोगत लिहायचंय, एका ठिकाणी अडकलेय

कसब्यातली_चिमणी (मंगळवार, रात्री ११.५२)

नमस्कार, शुक्रवारी सबमिशन आहे आणि मी चार दिवस एकाच परिच्छेदावर अडकलेय. विषय धार्मिक विविधता आणि सहिष्णुता, त्यात एक नैतिक प्रश्न घालायचाच असं मॅडमनी सांगितलंय. बाकी सगळं झालंय. प्रश्न पण आहे माझ्याकडे, पण तो लिहू का नको तेच कळत नाहीये. कुणाला आत घेतात, कुणाला नाही, आणि चूक कुणाची, असं काहीतरी आहे ते. गूगल करून झालं, एआयला विचारून झालं, सगळीकडून तेच विविधतेत एकता आणि बागेतली फुलं येतात. प्लीज कुणी निबंध लिहून देऊ नका. फक्त लिहू का नको सांगा. लवकर.

जुना_पेठी (बुधवार, सकाळी ६.१०)

कितवीत, कुठला विषय, किती शब्द, कुठल्या भाषेत, आणि कशाच्या आत घेत नाहीत? एवढं सोडून बाकी सगळी माहिती व्यवस्थित दिलीत.

विद्यार्थी_कायमचा (सकाळी ८.३१)

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर टाक. सहिष्णुतेचा विरोधाभास, १९४५. आपण सगळंच सहन करत बसलो तर जे असहिष्णू आहेत ते शेवटी सहन करणाऱ्यांनाच खाऊन टाकतात. नैतिक प्रश्न तयार, मार्क तयार.

तळटीप (सकाळी ९.०४)

हा पॉपर आता व्हॉट्सॅपवर फिरून फिरून गुळगुळीत झालाय. मुळात तो मुद्दा पुस्तकाच्या तळटिपेत आहे (माझ्या नावावर हसू नका), आणि तिथेच त्याने हेही म्हटलंय की जोवर युक्तिवादाने आणि लोकमताने आवरता येतंय तोवर असहिष्णू मतं दाबणं शहाणपणाचं नाही. समोरचा वादच नाकारून ठोशावर आला तर गोष्ट वेगळी. पण चित्रवाल्या पोस्टमध्ये तेवढी जागा नसते ना.

विद्यार्थी_कायमचा (सकाळी ९.१०)

मी मूळ वाचलंय. दोनदा.

कसब्यातली_चिमणी (सकाळी ९.४०)

सॉरी, लेक्चरला होते. एसवाय, मूल्यशिक्षणाचा पेपर, मराठीत, १००० शब्द. दोन आठवड्यांपूर्वी वर्गाची फेरी काढली होती एक दिवस, लाल देऊळ, पंचहौदचं चर्च, चारबावडीला बाबाजानचा दर्गा, कॅम्पातला गुरुद्वारा आणि नाना पेठेतली अग्यारी (पारशांचं अग्निमंदिर). त्यावरून लिहायचंय. अग्यारीत पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही म्हणून बाहेरून बघितली. बाकी सगळीकडे गेलो. शुक्रवारी वर्गात वाचून पण दाखवायचंय.

खवय्या_४११००१ (सकाळी ९.५५)

नाना पेठ ते कॅम्प एवढं चाललात तर मध्ये बन मस्का कुठे खाल्लात? इराण्याकडे गेला असाल तर तो पण विषयात बसतो, बरेचसे इराणी हॉटेलवाले पारशांसारखे झरथुष्ट्रीच. सकाळी आठच्या आत जायचं, नंतर बन गार मिळतो.

कलम_२५ (सकाळी १०.२०)

अग्यारीचा मुद्दा उत्तम आहे, लिहाच. १९०८ चा मुंबई हायकोर्टाचा पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा खटला बघा. आर. डी. टाटांची बायको फ्रेंच होती, रीतसर जरथोस्ती धर्म घेतला होता तिने, तरी कोर्टाने सांगितलं की पारशी ट्रस्टच्या अग्यारीवर तिचा हक्क पोचत नाही. म्हणजे धर्म स्वीकारला तरी दार बंदच. आता घटनेचं कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं पण सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, आणि कलम २६ प्रत्येक पंथाला आपल्या धार्मिक बाबी आपण बघायचा अधिकार देतं. या दोघांत ओढाताण कुठे होते ते मांडा. मी पॉइंट काढून देऊ शकतो.

शिंगणापूर_रिटर्न (सकाळी १०.४५)

अहो पण मग देवळांनाच का धरतात? २०१६ ला हायकोर्टाने ठणकावलं आणि पाडव्याला शनीच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यावं लागलं. तेव्हा हे कलम २६ कुठे होतं?

कलम_२५ (सकाळी १०.५८)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कोर्टाने हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्या असा निकाल दिला, तो सोयीने विसरलात. आणि त्यांच्याच धर्माच्या बायकांना अडवणं आणि परधर्मीयाला गाभाऱ्यात न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिंगणापूर_रिटर्न (सकाळी ११.०२)

वेगळ्या कशा? दार ते दार.

*(यापुढचे ९ प्रतिसाद उडवले आहेत. राजकारणासाठी दुसरा धागा आहे. – संपादक)*

जुना_पेठी (दुपारी १२.१५)

लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड, १८६७ चं, डेव्हिड ससूनने बांधलेलं. रुग्णालयवाले ससून तेच. बगदादहून आलेला ज्यू, पुण्यात सिनेगॉग बांधतो आणि पुणेकर त्याला सरळ देऊळ म्हणून मोकळे होतात. नैतिक प्रश्नच पाहिजे असेल तर हा घ्या की, आपण दुसऱ्याच्या गोष्टीला आपलं नाव देतो ते प्रेमाने की आळसाने.

रोखठोक_मावशी (दुपारी १.३०)

मला एक सांग चिमणे, अग्यारीवरच लिहायचं असतं तर "लिहू का नको" हे विचारायला रात्री बाराला कशाला आली असतीस? अग्यारीवर लिहायला कुणाची चोरी? आणि "चूक कुणाची" असं आपण लांबच्या माणसांबद्दल नाही विचारत. काय ते नीट सांग नाहीतर आम्ही इथे शनी आणि पॉपरवरच भांडत बसणार.

कसब्यातली_चिमणी (दुपारी ४.४८)

बरं. मला वाटलं न सांगता चालेल.

माझ्या वर्गात एक मैत्रीण आहे, लातूरकडची, हॉस्टेलला राहते, मुसलमान आहे. रविवारी आमच्याकडे येते, दोन वर्षं येतेय. आजीचा तिच्यावर खरंच जीव आहे, म्हणजे माझ्यावर नसेल तेवढा, तिच्या केसांना तेल लावून देते, जाताना डब्यात चकल्या भरून देते, ती आजारी होती तेव्हा मला रोज पेजेचा डबा घेऊन हॉस्टेलला पिटाळायची. पण तिचा चहाचा कप वेगळा आहे. आमच्याकडे सगळे स्टीलच्या पेल्यातून पितात, तिला काचेचा, निळ्या फुलांचा, तो फळीवर एका टोकाला असतो आणि प्यायल्यावर ती तो स्वतः विसळून तिथेच ठेवते. ती आली की म्हणते, आजी माझा कप कुठाय. तिला वाटतं आजीने तिच्यासाठी खास ठेवलाय. का तिला माहितीये आणि ती तसं दाखवते, मला कळत नाही. एकदा मी घाईत त्यातून चहा घेतला तर आजीने काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतला.

आता मी अग्यारीच्या दारात उभं राहून मनात म्हटलं की हे काय, आत का नाही घेत, आणि त्याच क्षणी मला तो कप आठवला. ती माझ्या शेजारीच उभी होती तिथे. हा प्रश्न आहे. लिहू तर शुक्रवारी तिच्यासमोर वाचायचा, आणि आजीला वर्गात उभं केल्यासारखं होईल. नाही लिहू तर बाकीचं सगळं खोटं वाटतंय.

खवय्या_४११००१ (संध्याकाळी ५.०१)

मी बन मस्क्याचा प्रतिसाद मागे घेतो.

आरोग्यम् (संध्याकाळी ५.१५)

काचेचा कपच चांगला खरं तर. स्टीलच्या पेल्याने ओठ भाजतो आणि घासणीचे ओरखडे पडून त्यात जंतू राहतात. आजींनाही काचेचा द्या.

जुना_पेठी (संध्याकाळी ५.४०)

पोरी, तू त्या पंचहौदच्या चर्चमध्ये जाऊन आलीस आणि तुला कुणी चहाचं सांगितलं नाही? मॅडमनी पण नाही? १८९० मध्ये त्याच मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली, टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, नंतर चहा आला. काहींनी प्यायला, काहींनी नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव, त्यांनी त्या नावांचा बोभाटा केला, नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि मग ख्रिश्चनांकडचा चहा घेतला म्हणून जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, पेटलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. चहासाठी! टिळक, रानडे दोघांनाही शेवटी प्रायश्चित्ताचा विषय टाळता आला नाही. तेव्हा तुमच्या आजीचा कप काही आजीने शोधून काढलेला नाही, तो या पेठांमध्ये सव्वाशे वर्षं फिरतोय. हे लिही. आजी एकटी पडणार नाही.

तळटीप (संध्याकाळी ५.५२)

काका, सव्वाशे नाही, १३० च्या पुढे. आणि इतिहासाच्या मागे आजीला लपवायची युक्ती आहे ही. टिळकांनी पण केलं म्हटलं की झालं.

जुना_पेठी (संध्याकाळी ५.५५)

लपवत नाहीये, शेजारी बसवतोय.

करवंटी (संध्याकाळी ७.२०)

सगळ्यांना हा मुस्लिम मैत्रिणीचा प्रश्न वाटतोय. आमच्या आज्याला पाटलाच्या घरी चहा करवंटीत मिळायचा, ती गोठ्याच्या खुंटीला अडकवलेली असायची. वडिलांच्या वेळी गावच्या हॉटेलात कान तुटलेला कप, बाहेर वळचणीला, आणि विसळायचा आपणच. चिमणीने लिहिलंय ना की ती स्वतः विसळून ठेवते, तिथे मी थांबलो. हा कप आधी आमचा होता, मग तिचा झाला. त्यामुळे "धार्मिक विविधता" म्हणून लिहिशील तर अर्धंच लिहिशील. घटनेचं अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ सगळ्यांना पाठ असतं, कपापर्यंत ते पोचलेलं नसतं. आणि फेरीत मॅडमनी पर्वती का घेतली नाही? १९२९ ला देवळात जायला मिळावं म्हणून तिथे सत्याग्रह झाला होता, मार खाल्ला लोकांनी. आत घेण्या-न घेण्याचा प्रश्न कॅम्पातच जाऊन बघायला पाहिजे असं नाही.

शिंगणापूर_रिटर्न (संध्याकाळी ७.४१)

वयस्कर बाई आहे, तिचे संस्कार तसे, प्रेम करते ना ती? सहिष्णुता म्हणजे आजीलाही सहन करणं. नातीने वर्गात घरचं धुणं धुवू नये.

रोखठोक_मावशी (रात्री ८.०५)

आजीला सहन करायचं काम त्या लातूरच्या पोरीने दोन वर्षं केलंय. चिमणीने फक्त बघितलंय.

कोंढव्याचा_पाहुणा (रात्री ९.३०)

मी सहसा असल्या धाग्यांवर लिहीत नाही, नऊ प्रतिसाद उडतात ते आमच्यावरच असतात बहुतेक. पण हे सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, शुद्ध शाकाहारी. अम्मीने त्यांच्यासाठी एक पातेलं आणि दोन कप वेगळे ठेवलेत ज्यांना कधी मटणाचा हात लागलेला नाही. काकू आल्या की त्यातच चहा होतो. काकूंना ते माहितीये, अम्मीनेच सांगितलं त्यांना, म्हणून त्या आमच्याकडे बिनघोर पितात. म्हणजे आमच्याकडेही कप वेगळाच आहे. पण तो अम्मीने काकूं*साठी* ठेवलाय. आजींनी ठेवलाय तो मैत्रिणी*पासून*. दिसायला फळीवर दोन्ही सारखेच दिसतात. अग्यारीचं कुठल्यात बसतं मला माहीत नाही, पण ते लोक दारावर पाटी लावून सांगतात, तुला प्रेमाने जेवायला बोलावून मग नाही सांगत.

आणि मी तिच्या जागी असतो तर मला वर्गात कळण्याआधी तुझ्याकडून कळलेलं आवडलं असतं. तिला विचारलंस का? इथे वीस लोकांना विचारलंस.

कलम_२५ (रात्री ९.४४)

"साठी" आणि "पासून". हे कुठल्या निकालपत्रात असतं तर बरं झालं असतं.

विद्यार्थी_कायमचा (रात्री १०.१०)

फुले पण टाकता येतील. सार्वजनिक सत्यधर्मात, १८९१ ला त्यांच्या मृत्यूनंतर आलं ते, त्यात एकाच घरातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता राहावं असं चित्र आहे. फुलेवाडा पंचहौदपासून चालत जाण्याइतका. एकाच भागात दोन टोकं, मनोगताचा शेवट होतो.

करवंटी (रात्री १०.१६)

त्या घरात चहाचे कप किती होते ते फुल्यांनी लिहिलं नाही, कारण विहीरच सगळ्यांना खुली केली होती त्यांनी.

कसब्यातली_चिमणी (गुरुवार, रात्री ११.२०)

विचारलं तिला. कॅन्टीनमध्ये, फार वाईट पद्धतीने विचारलं, आधी रडलेच मी. ती म्हणाली पहिल्याच रविवारी कळलं होतं, गावाकडे पण बघितलंय, ओळखायला वेळ लागत नाही. "माझा कप कुठाय" असं ती मुद्दाम म्हणते, आजी तो काढताना दर वेळी अवघडते म्हणून, तिने मागितला की आजीला सोपं जातं. मला काही बोलताच आलं नाही. मग म्हणाली लिहायचं तर लिही, पण मला त्यात बिचारी करू नकोस, आणि तेल लावल्याचं पण लिही, आणि चकल्यांचं पण. आणि तू दोन वर्षं गप्प का होतीस ते लिही, आजीचं मी बघून घेईन.

तर तसंच लिहिलंय. आजीला वाचून दाखवलं नाहीये, धीर झाला नाही. आत्ता विचारत होती एवढं काय लिहितेस, कॉलेजचं म्हटलं. पंचहौद घेतलं काका, करवंटी दादा तुमचं विचारायचं होतं की नाव न घेता घेतलं तर चालेल का. साठी आणि पासून पण घेतलंय. १२०० शब्द झालेत, १००० ची मर्यादा आहे, मॅडम मोजतात. काय कापू?

करवंटी (रात्री ११.२६)

चालेल. आज्याचं "बिचारा" करू नकोस, बाकी घे.

तळटीप (रात्री ११.२८)

पॉपर काप.

विद्यार्थी_कायमचा (रात्री ११.२९)

तीव्र निषेध.

जुना_पेठी (रात्री ११.३१)

पॉपर काप, आणि लाल देवळाचं बांधकाम वर्ष राहू दे.