शब्दचर्चा : समावेशक, समावेशित, समावेशी की सर्वसमावेशक?

प्रश्न

करोनाच्या साथीत आमच्या महाविद्यालयात ऑनलाइन अध्यापन कसे झाले, याचा मराठी अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजी मसुद्यात 'इन्क्लुझिव्ह' हे विशेषण जागोजागी येते. मी आधी सगळीकडे 'सर्वसमावेशक' असे लिहून टाकले, कारण 'सर्वसमावेशक धोरण', 'सर्वसमावेशक विकास' हे शब्द वर्तमानपत्रांतून रोज डोळ्यांखालून जातात. मसुदा वाचल्यावर एका सहकाऱ्याने 'समावेशित' हा शब्द सुचवला, तर दुसऱ्या सहकारी बाईंना 'समावेशी' जवळचा वाटला. आमचे कोकणी विभागातले मित्र 'आस्पाव' या शब्दावर ठाम आहेत आणि तो मराठीनेही घ्यावा, असा त्यांचा प्रेमळ आग्रह आहे. यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि या शब्दांच्या अर्थांत खरोखर काही फरक आहे का?

प्रतिसाद

व्याकरणाच्या दृष्टीने फरक आहे आणि तो लक्षात घेण्यासारखा आहे. शीर्षकातल्या चारही शब्दांच्या मुळाशी 'विश्', म्हणजे आत शिरणे, हा संस्कृत धातू आहे. 'प्रवेश' आणि 'अभिनिवेश' हेही त्याच घरातले. 'समावेशक' मधला 'अक' हा प्रत्यय कर्ता दाखवतो, जसे लेखक, रक्षक, शिक्षक. 'समावेशित' मधला 'इत' क्रिया ज्याच्यावर घडली ते दाखवतो, जसे लिखित, रक्षित, निमंत्रित. त्यामुळे 'समावेशित विद्यार्थी' हे बिनचूक आहे, पण 'समावेशित अध्यापन' याचा शब्दशः अर्थ ज्याला कशात तरी सामील करून घेतले आहे असे अध्यापन असा होतो. महाराष्ट्रात शालेय शिक्षणाच्या कामकाजात 'समावेशित शिक्षण' हा शब्द रुळला आहे, म्हणून मी त्याला चूक म्हणणार नाही; रूढी ही व्याकरणाइतकीच बळकट असते. तरीही नव्याने निवड करण्याची मोकळीक असेल, तर 'समावेशक' घ्यावा. 'समावेशी' हिंदीत पक्का बसला आहे; मराठीत त्याची गरज दिसत नाही.

प्रतिसाद

'एकात्मिक' हा जुना शब्दही या चर्चेत हवा, कारण 'समावेशक' चा अर्थ त्याच्याशेजारी ठेवल्यावरच उठून दिसतो. अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना 1974 साली सुरू झाली. तिच्यामागची कल्पना अशी होती की मूल नेहमीच्या शाळेत यावे आणि त्या शाळेच्या रीतीशी त्याने जुळवून घ्यावे. 1994 साली स्पेनमधील सालामांका येथे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावर भरलेल्या युनेस्को परिषदेच्या जाहीरनाम्याने हा विचार उलटा केला आणि जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. भारताने 2007 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समावेशक शिक्षणाची व्याख्याच आली : अपंगत्व असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतात, आणि शिकवण्या-शिकण्याची पद्धत अपंग विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार योग्य रीतीने बदललेली असते, अशी व्यवस्था. या व्याख्येत बदलणारी गोष्ट 'पद्धत' आहे, विद्यार्थी नव्हे. वर सांगितलेला 'अक' प्रत्यय त्यामुळे अर्थालाही धरून आहे : समावेश करण्याचे काम अध्यापनाचे, ते विद्यार्थ्याकडे सोपवता येत नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. 'समावेशक' आणि 'समावेशित' यांच्यातील फरक वाचताना मला 2020 च्या पावसाळ्यातील एक प्रसंग आठवला आणि अहवालात कोणता शब्द ठेवायचा, हे त्यानेच ठरवले.

त्या वर्षी माझ्या मराठीच्या वर्गात पूर्णतः अंध असलेली एक विद्यार्थिनी होती. तिच्या संगणकावर अक्षरे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर होते आणि ती ते सराईतपणे वापरत असे. वर्ग ऑनलाइन झाल्यावर मी माझ्या वर्षानुवर्षांच्या नोट्स सर्वांना पाठवल्या आणि सर्वांपर्यंत मजकूर पोहोचला, अशी माझी समजूत झाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिने अगदी शांतपणे विचारले, "मॅडम, यात मराठी कुठे आहे?" त्या नोट्स मी युनिकोडच्या आधीच्या एका जुन्या फाँटात टंकल्या होत्या. पडद्यावर आपल्याला सुबक देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे. तिच्या यंत्राने तेच इमानेइतबारे वाचून दाखवले होते. शेवटचे दोन पाठ मी छापील पानांचे फोटो काढून पाठवले होते, तिथे तर यंत्र गप्पच राहिले. वर्गाच्या यादीत तिचे नाव होते, दुवा तिला मिळाला होता, हजेरीही लागत होती. तिला प्रवेश मिळाला होता. समावेश झालेला नव्हता. एकाच धातूपासून आलेल्या या दोन शब्दांमधले अंतर मला त्या फोनवर कळले. पुढचे तीन आठवडे मी सर्व नोट्स युनिकोडमध्ये पुन्हा टंकल्या आणि आकृत्यांखाली त्यांचे वर्णन लिहिले. ते वर्णन वर्गातील इतर मुलेही वापरू लागली, विशेषतः ज्यांच्या फोनवर आकृत्या उघडत नसत ती.

'सर्वसमावेशक' मी काढून टाकला आहे. त्यातला 'सर्व' अशा तपशिलांवर पांघरूण घालतो. सर्वांना दुवा पाठवला, म्हणजे सर्वांचा समावेश झाला, असे वाटायला लावणारा तो शब्द आहे. 'समावेशक' म्हटले की कोणाचा आणि कशाने, हे प्रश्न निदान विचारता तरी येतात.

प्रतिसाद

'हजेरी' आणि 'उपस्थिती' यांच्याकडेही अहवालात लक्ष द्यावे, ही विनंती. 'उपस्थित' म्हणजे जवळ उभा असलेला. गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील डोंगराळ गावांत त्या दिवसांत रेंजसाठी टेकडी चढावी लागे. माझा एक विद्यार्थी जूनच्या पावसात एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने फोन सांभाळत काजूच्या बागेत उभा राहत असे, आणि वीज गेली की टॉवरही बंद पडून तो वर्गाबाहेर फेकला जाई. त्याला 'अनुपस्थित' लिहिताना माझा हात अडखळत असे. पुढे मी दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिफिती व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. त्या तो रात्री रेंज मिळाल्यावर उतरवून घेई आणि प्रश्न लिहून पाठवी. त्या प्रश्नांवरून मी त्याची उपस्थिती मांडली. नियमांच्या भाषेत ती हजेरी होती की नाही, यावर विभागात बराच वाद झाला.

मूळ प्रश्नकर्तीकडून

आपण मांडलेली उपस्थिती मला योग्य वाटते आणि अहवालात तिचा उल्लेख मी करणार आहे. आणखी एक शब्द छळतो आहे. 2016 च्या अधिनियमातील 'रीझनेबल अकॉमोडेशन' साठी मसुद्यात 'वाजवी सवलत' असे आले आहे. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद

'सवलत' टाळावी. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ सुलभता असाच होता, पण आजच्या मराठीत सवलत म्हणजे देणाऱ्याने आपल्या मर्जीने सोडलेला वाटा : भाड्यात सवलत, शुल्कात सवलत. अंध विद्यार्थिनीला वाचता येईल अशा स्वरूपात नोट्स देणे ही कोणाची मेहेरबानी नाही; कायद्याने तिला दिलेला तो हक्क आहे. 'वाजवी सोय' म्हणावे. सोय करावी लागते आणि ती झाली नाही तर 'गैरसोय झाली' अशी तक्रार करता येते. सवलतीच्या बाबतीत तक्रारीला तशी जागाच उरत नाही. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी व्याख्यानाखाली मजकूर दिसणे, खुणांच्या भाषेचा दुभाषी पडद्यावर ठळक दिसेल असा ठेवणे, उत्तरपत्रिका अपलोड करायला जास्त वेळ देणे, या सर्व सोयी आहेत.

'आभासी वर्ग' असेल तर तोही बदला. ज्याचा केवळ भास होतो तो आभास. त्या वर्गांत शिकवणारे आणि शिकणारे दोघेही खरे होते. 'दूरस्थ' हा शब्दही इथे चालणार नाही, कारण दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांत वेगवेगळे प्रकार आहेत. 'ऑनलाइन' हाच शब्द ठेवावा, तो गावोगावी कळतो.

मूळ प्रश्नकर्तीकडून

मान्य. बदललेले वाक्य इथे देते, त्यात कुठे खटकले तर अवश्य सांगावे : 'जून 2020 पासून विभागाने ऑनलाइन अध्यापन समावेशक करण्यासाठी नोट्स युनिकोडमध्ये दिल्या, आकृत्यांची वर्णने जोडली, रेंज नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ध्वनिफिती पाठवल्या, ऐकू न येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांसाठी मात्र पहिल्या सत्रात कोणतीही सोय करता आली नाही.' शेवटचा भाग इंग्रजी मसुद्यात नव्हता. तो मी घातला आहे आणि तो तसाच राहावा, असे विभागप्रमुखांना कळवले आहे. कोकणी मित्रांसाठी अहवालाच्या कोकणी प्रतीत 'आस्पाव' येईलच.