मदत हवी आहे: माशाच्या कातडीचं कोलॅजन ३७ अंशाला थिजतच नाही

नमस्कार. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय: जखमेवर लावायचं कोलॅजनचं (कातडीतलं मुख्य प्रथिन) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थलथलीत थर. तीन महिने एकाच जागी अडकले आहे.

हे का करतेय ते आधी सांगते. काकूंना मधुमेह आहे. मागच्या वर्षी तळपायाला जखम झाली, ती चार महिने भरली नाही. ड्रेसिंग बदलायला मी बसायचे. सलाईनने कितीही भिजवलं तरी गॉजचा शेवटचा थर उचलताना खालची नवी गुलाबी कातडी सोबत यायची आणि पुन्हा रक्त. काकू तोंडातून शब्द काढायच्या नाहीत, पलंगाची कड घट्ट धरून बसायच्या. जे उपटून काढावंच लागणार नाही, ज्यात पेशी शिरतील आणि जे हळूहळू तिथेच जिरेल, असं काहीतरी करायचं तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आता काम. मासळी बाजारातून कटल्याची कातडी बर्फात आणली. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये धुऊन ०.५ मोलर ॲसिटिक ॲसिड आणि पेप्सिनमध्ये ४ अंशाला तीन दिवस ठेवली. मीठ घालून कोलॅजन खाली बसवलं, डायलिसिस केलं (पातळ पडद्यातून मीठ धुऊन काढलं), फ्रीझ ड्राय केलं. कापसासारखं पांढरंशुभ्र निघालं. ते पुन्हा ॲसिडमध्ये १५ मिग्रॅ प्रति मिली घेतलं. लवकर विरघळेना म्हणून स्टररची प्लेट जरा कोमट ठेवली, चाळीसच्या आत. द्रावण छान पारदर्शक आणि पातळ झालं, पिपेटमध्ये सहज चढतं.

मग बर्फावर दहापट तीव्र पीबीएस (फॉस्फेट-मिठाचं बफर) आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ७.४ केला आणि ३७ ला ठेवलं. तास झाला, चार तास झाले, रात्र गेली, तरी पाणी ते पाणीच. एसडीएस पेजवर (प्रथिनाच्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी चाचणी) कोलॅजनच्या अल्फा १, अल्फा २ साखळ्या, वर बीटा (दोन साखळ्यांची जोडी), सगळे पट्टे जागेवर आहेत, म्हणजे कोलॅजन तर चांगलंच आहे ना? एकदा ईडीसी (साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) थेट ॲसिडच्या द्रावणात घालून पाहिलं, काहीच उपयोग झाला नाही. आणखी एक: उरलेली ट्यूब फ्रिजमध्ये राहिली होती, ती सकाळी थलथलीत थिजलेली दिसली. हातात धरली की पुन्हा पातळ. पीएच चुकतोय का? काय बदलू?

तिफण:

पीएचला हात लावू नका. उत्तर तुमच्या शेवटच्या दोन ओळींतच आहे. फ्रिजमध्ये थिजतं आणि हाताच्या उबेने वितळतं ते जिलेटिन. कोलॅजनची चाल बरोबर उलटी: थंडीत पातळ राहतं, उबेत तंतू जुळून दुधाळ होतं आणि थिजतं.

कोलॅजन म्हणजे तीन साखळ्यांची तिपेडी वेणी. मद्रासला रामचंद्रन आणि कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली तीच रचना. तंतू बनतात ते अख्ख्या वेण्या शेजारीशेजारी बसून. तुमची वेणी सुटली आहे, आणि ती सुटली त्या कोमट प्लेटवर. माशाच्या कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन (वेणी घट्ट ठेवणारं अमिनो आम्ल) कमी, त्यामुळे वेणी सैल. थंड समुद्रातल्या कॉडचं कोलॅजन १५ अंशांच्या आसपासच सुटतं. कटला आपल्या उष्ण पाण्यातला म्हणून पुष्कळ बरा, तरी ॲसिडमध्ये चाळीसजवळ टिकणार नाही.

एसडीएस पेजने फसलात, कारण तिथे नमुना आपणच उकळून घालतो. वेणी घातली असो वा सुटलेली, पट्टे तेच दिसणार. सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, प्रकाशाने प्रथिनाची घडी ओळखणारी चाचणी) करून घ्या. २२१ नॅनोमीटरजवळचं धन शिखर दिसलं तर वेणी शाबूत, गेलं असेल तर जिलेटिन. मशीन नसेल तर पिपेट पुरे आहे. १५ मिग्रॅचं चांगलं कोलॅजन काकवीसारखं जड असतं, पिपेटमध्ये 'सहज चढतं' हे वाचूनच मला शंका आली.

रेवदंडा:

वरच्याशी पूर्ण सहमत. पुढचा खड्डा आत्ताच दाखवते. कापूस ४ अंशालाच विरघळवा, दोन दिवस लागले तर लागू द्या. ५ मिग्रॅवर या, १५ ची गरज नाही. पेप्सिनने साखळ्यांच्या टोकाचे वेणीबाहेरचे तुकडे (टेलोपेप्टाइड) कापले जातात, म्हणून जेल सावकाश बसेल, धीर धरा. आणि पहिल्यांदा ३७ ला नको, २८ ते ३० ला बसवा. ३७ हे या कोलॅजनच्या अगदी काठावर आहे.

ईडीसी ॲसिटिक ॲसिडमध्ये कधीच नाही. ते कार्बोक्झिल गटांना धरतं आणि ॲसिटिक ॲसिड स्वतःच कार्बोक्झिल. तुमचं ईडीसी तिथेच संपलं, वर कोलॅजनच्या लायसिनवर (ईडीसीने कार्बोक्झिलला ज्याच्याशी बांधायचं ते अमिनो आम्ल) ॲसिटेट चिकटलं असणार. आधी जेल बसू द्या, नीट धुवा, मग एमईएस बफरमध्ये पीएच ५.५ च्या आसपास ईडीसी आणि त्याला मदत करणारं एनएचएस द्या. फॉस्फेट, ट्रिस, ग्लायसिन जवळ फिरकू देऊ नका. असं बांधलेलं जेल ३७ ला तग धरतं, जखमेतली एन्झाइम्सही त्याला लवकर खात नाहीत.

पण हात राखून. पेशींचे इंटिग्रिन (पेशीच्या पृष्ठभागावरची पकडणारी प्रथिनं) कोलॅजनला जिथे धरतात, त्या जीएफओजीईआर या अमिनो आम्लांच्या क्रमातला ग्लुटामेट हाही कार्बोक्झिलवालाच. ईडीसी वाढवाल तसे ते दांडे संपतात, आणि जेल मजबूत पण पेशींना परकं होतं. काकूंच्या जखमेत पेशी शिरायला हव्यात ना? मग कमीत कमी मात्रेपासून वर चढा आणि प्रत्येक मात्रेला फायब्रोब्लास्ट (जखम भरून काढणाऱ्या पेशी) चिकटतात का ते बघा. बॅच वाया गेल्या म्हणून खचू नका, कातडीतून काढणं तुम्ही उत्तम केलंय.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. जुना कापूस थोडा शिल्लक होता. थंड खोलीत दोन दिवस फिरवला, ५ मिग्रॅ. पिपेटचं टोक वर उचललं तर मागे मधासारखी तार आली, इतक्या महिन्यांत ही तार मी पाहिलीच नव्हती. काल २९ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवलं. पाऊण तासाने कडेने दुधाळ व्हायला लागलं, दीड तासाने व्हायल उलटी केली तरी हललं नाही. सीडीसाठी शेजारच्या विभागात नंबर लावलाय.

आता पुढचं: हे निर्जंतुक कसं करू? ऑटोक्लेव्ह तर बादच, आणि इतकं जड द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जात नाही. डायलिसिसच्या वेळीच काही करता येतं का?