मनगट मुरगळलं, एक्स-रे नॉर्मल: आधी एमआरआय की आधी पट्टा?

अस्थिरोग: हात टेकून पडलं, मनगट दुखतंय, हाड मोडलेलं नाही, की लगेच एमआरआय लिहून देतात. मला हे पटत नाही. करंगळीच्या बाजूची कूर्चेची चकती, म्हणजे टीएफसीसी, पन्नाशीनंतर अनेकांची झिजून फाटलेली असते आणि दुखत काहीच नसतं. रिपोर्टमध्ये 'फाटली' वाचून माणूस विनाकारण ऑपरेशनच्या मागे लागतो. आधी ४ ते ६ आठवडे पट्टा, मग बघू.

हस्तशल्य: साफ असहमत. मनगटाच्या पाठीवर मधोमध दाबून दुखत असेल, तर स्कॅफॉइड आणि ल्युनेट या हाडांना जोडणारं लिगामेंट तुटलेलं असू शकतं. ते शिवायला पहिले काही आठवडेच चांगले. नंतर टोकं आखडतात, स्कॅफॉइड तळहाताकडे झुकतो, ल्युनेट उलटा कलतो आणि पुढच्या काही वर्षांत सांधा झिजतो. तुमच्या 'मग बघू'त नेमकी तीच मुदत संपते!

अस्थिरोग: त्यासाठीही एमआरआय कशाला? मूठ घट्ट आवळून दोन्ही मनगटांचा एक्स-रे काढा. या दोन हाडांमधली फट ३ मिमीहून जास्त आणि दुसऱ्या हातापेक्षा रुंद दिसली, की संशय बळावतो. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये या दोन हाडांमधला कोन ३० ते ६० अंश असतो; ७० ओलांडला तर थांबूच नये.

हाताचा फिजिओ: लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर फट दिसत नाही, हे विसरू नका. शिवाय 'पट्टा' म्हणजे कोणता? आखूड पट्टा मनगटाचं वाकणं रोखतो, हाताचं उलटं-सुलटं फिरणं नाही. चकतीबरोबर अल्नाचा, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचा, मनगटाजवळचा खालचा सांधा ढिला झाला असेल, तर हे फिरणंही थांबवावं लागतं, त्यासाठी कोपरालाही धरून ठेवणारा लांब पट्टा (स्प्लिंट) घ्यावा लागतो. आखूड पट्टा घालून 'आराम नाही' म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं.

रेडिओलॉजी: साध्या एमआरआयमध्येही बारीक फाट निसटते. रिपोर्ट नॉर्मल म्हणून लिगामेंट शाबूत, असं धरू नका. ३ टेस्ला, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन, मनगटाची वेगळी कॉइल (मनगटाभोवती बसणारा, सिग्नल टिपणारा भाग), गरज पडल्यास सांध्यात डाय (फाट उठून दिसण्यासाठीचं औषध). तरीही शंका उरली तर सांध्यात दुर्बीण घालून बघा. आणि चिठ्ठीवर नुसतं 'मनगट दुखतं' लिहू नका, बोट ठेवल्यावर नेमकं कुठे दुखतं ते लिहा.

अस्थिरोग: मधोमध दुखत असेल तर थांबू नये, मान्य. करंगळीच्या बाजूला दुखतंय, सांधा घट्ट आहे, वय पन्नाशीपुढचं, तर आधी पट्टाच.

हस्तशल्य: तरुण असेल तर तिथेही जपून. चकतीच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा नाही, तो शिवून जुळत नाही. कडेला आहे, तिथली ताजी फाट जुळते.